१९ लाख डॉलरचा आराखडा आणि ७०० कोटींचा ठेका

८ मार्च २००३ रोजी, म्हणजे इराकवरील युद्ध सुरू व्हायला दोन आठवडेही उरले नसताना, अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने हॅलिबर्टन कंपनीच्या केलॉग ब्राउन अँड रूट, अर्थात केबीआर या उपकंपनीला एक ठेका दिला. तेलविहिरींना लागणाऱ्या आगी विझवणे, तेलक्षेत्रांची दुरुस्ती करणे आणि गरज पडल्यास इराकचा तेलव्यवहार चालता ठेवणे असे कामाचे स्वरूप होते. खर्चाची कमाल मर्यादा ७०० कोटी डॉलर होती. मुदत दोन वर्षांची होती आणि ती एकेक वर्ष करत आणखी तीन वर्षे वाढवण्याची तरतूद होती. निविदा काढली गेली नव्हती, दुसऱ्या कोणत्याही कंपनीला विचारले गेले नव्हते आणि ठेका गोपनीय ठेवण्यात आला होता. हॅलिबर्टनचे प्रमुखपद २००० साली सोडणारे डिक चेनी त्या वेळी अमेरिकेचे उपाध्यक्ष होते.

एवढ्या माहितीवर बहुतेक जण निष्कर्ष काढून मोकळे होतात. या प्रकरणावर झालेली बरीच चर्चा ‘चेनींनी आपल्या कंपनीला काम दिले’ आणि ‘याला पुरावा काय’ या दोन वाक्यांमध्येच अडकून पडली. कागदपत्रे क्रमाने लावून पाहिली, तर वेगळी आणि माझ्या मते अधिक गंभीर गोष्ट समोर येते. मार्च २००३ चा ठेका नियमांच्या चौकटीत बसत होता. खरा निर्णय त्याच्या चार महिने आधी, केवळ १९ लाख डॉलरच्या एका कार्यादेशात होऊन गेला होता, आणि तो आदेश नियमबाह्य होता. युद्धकाळातील मेहेरबानी कशी होते हे समजून घ्यायचे असेल, तर सह्या झालेल्या मोठ्या करारापेक्षा त्या लहान कागदाकडे पाहावे लागते.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. सैन्यासाठी जेवण, निवास, कपडे धुणे, वाहतूक, छावण्यांची उभारणी ही कामे खासगी कंपन्यांकडून करून घेण्याची ‘लॉगकॅप’ नावाची योजना अमेरिकी लष्कराने १९८५ साली आखली. १९९२ साली, चेनी संरक्षणमंत्री असताना, अशी कामे जगभर एकाच कंपनीकडे सोपवता येतील का याचा गोपनीय अभ्यास करण्यासाठी पेंटॅगॉनने ब्राउन अँड रूट या कंपनीला ३९ लाख डॉलर दिले आणि पुढे त्याच अभ्यासाच्या विस्तारासाठी आणखी ५० लाख डॉलर दिले. अभ्यास पूर्ण झाल्यावर त्याच वर्षी लॉगकॅपचा पहिला ठेका मिळाला तो ब्राउन अँड रूटला. १९९५ साली चेनी तिच्या मूळ कंपनीचे, हॅलिबर्टनचे, प्रमुख झाले. १९९७ च्या स्पर्धेत ठेका डाइनकॉर्प या कंपनीकडे गेला, मात्र बाल्कन प्रदेशातील सैन्याचे काम ब्राउन अँड रूटकडेच राहिले. डिसेंबर २००१ मध्ये लॉगकॅप पुन्हा केबीआरकडे आले, तेही दहा वर्षांपर्यंत वाढवता येईल अशा मुदतीने. ज्याने आराखडा लिहिला त्यालाच काम मिळाले, हा क्रम इराकच्या दहा वर्षे आधी एकदा घडून गेला होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

२००२ च्या उन्हाळ्यानंतर पेंटॅगॉनमध्ये इराकच्या तेलाचे काय करायचे याचा विचार सुरू झाला. १९९१ साली माघार घेताना इराकी सैन्याने कुवेतच्या सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवून दिल्या होत्या आणि त्या विझवायला महिने लागले होते. तसेच पुन्हा घडेल ही भीती अवास्तव नव्हती. संरक्षण खात्यातील उपसचिव डग्लस फाइथ यांचे सल्लागार मायकेल मॉब्स यांच्याकडे या नियोजनाच्या गटाचे नेतृत्व होते. त्यांनी पुढे संसदेच्या चौकशीत सांगितले, की तीन कंपन्यांचा विचार झाला, त्यांतून केबीआरची निवड झाली आणि निर्णयाची माहिती ऑक्टोबर २००२ मधील एका उच्चस्तरीय बैठकीत देण्यात आली. त्या बैठकीला उपाध्यक्षांचे कार्यालयप्रमुख लुइस लिबी हजर होते. नोव्हेंबर २००२ मध्ये केबीआरला तेलक्षेत्रांसाठीचा आपत्कालीन आराखडा तयार करण्याचे १९ लाख डॉलरचे काम देण्यात आले. स्वतंत्र करार केला गेला नाही. चालू लॉगकॅप ठेक्याखालचा एक नवा कार्यादेश म्हणून ते काम काढले गेले.

पाणी मुरते ते इथेच. लॉगकॅप हा सैनिकांच्या जेवणाखाण्याचा आणि राहण्याचा ठेका होता. दुसऱ्या देशाच्या तेल उद्योगाची दुरुस्ती कशी करायची याचे नियोजन त्यात कसे बसते, हा प्रश्न लष्कराच्या साहित्य विभागातील एका सरकारी वकिलाने त्याच वेळी उपस्थित केला होता आणि हे काम ठेक्याच्या कक्षेबाहेरचे आहे असे मत दिले होते. ते मत वरून बाजूला सारण्यात आले. जून २००४ मध्ये जीएओ या संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने इराकमधील ठेक्यांवर अहवाल दिला, तेव्हा तिचाही निष्कर्ष तोच होता, की आराखड्याचा कार्यादेश लॉगकॅपच्या कक्षेत बसत नव्हता. त्याच अहवालात मार्च २००३ च्या मोठ्या ठेक्याबद्दल मात्र वेगळा निर्वाळा आहे. विनास्पर्धा ठेका देण्यासाठी लष्कराने दिलेले कारण जीएओने ग्राह्य धरले. कारण असे होते की आराखड्याची पूर्ण माहिती असलेली, आवश्यक गोपनीयतेची परवानगी असलेली आणि तातडीने कामाला लागू शकेल अशी एकच कंपनी उपलब्ध होती. ती कंपनी अर्थातच केबीआर होती आणि ती एकमेव ठरली होती, कारण नोव्हेंबरात तिलाच आत घेतले गेले होते.

ही रचना नीट समजून घेतली पाहिजे. नियम मोडला गेला तो १९ लाखांच्या कामात, जिथे कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. ७०० कोटींच्या कामात नियम पाळला गेला, पण तो पाळणे शक्य झाले ते आधीच्या नियमभंगामुळे. अमेरिकेच्या सरकारी खरेदी नियमांत संस्थात्मक हितसंबंधांच्या संघर्षावर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याचा गाभा इतकाच आहे, की ज्याने कामाचे स्वरूप ठरवले त्याने सहसा ते काम स्वतः घेऊ नये. आराखडा लिहिणारा आपल्याला सोयीचा आराखडा लिहितो आणि स्पर्धकांना नसलेली माहिती त्याच्या हाती येते. या प्रकरणात दोन्ही गोष्टी झाल्या. ज्या अपवादासाठी खास कारण द्यावे लागायला हवे होते, तो अपवादच ठेका देण्याचे कारण म्हणून वापरला गेला.

अभियंता दलाच्या आत हे ओळखणारी एक व्यक्ती होती. बनटीन ग्रीनहाऊस या १९९७ पासून दलाच्या ठेकेविषयक सर्वोच्च सनदी अधिकारी होत्या. दलाचा कोणताही मोठा ठेका त्यांच्या सहीशिवाय पुढे जात नसे. लुइझियाना राज्यातील रेव्हिल या लहान गावातून आलेल्या ग्रीनहाऊस त्या पदावर पोहोचलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला होत्या. फेब्रुवारी २००३ च्या अखेरीस पेंटॅगॉनमध्ये या ठेक्याच्या तयारीची बैठक झाली, तेव्हा खोलीत सरकारी अधिकाऱ्यांबरोबर केबीआरचे प्रतिनिधीही बसलेले त्यांना दिसले. ज्या कंपनीला काम द्यायचे त्याच कंपनीसमोर कामाच्या अटींची चर्चा चालली होती. ग्रीनहाऊस यांनी बैठक चालवणाऱ्या जनरलना या लोकांना बाहेर जायला सांगावे असे सुचवले. प्रतिनिधी बाहेर गेल्यावर त्यांनी मुदतीचा प्रश्न काढला. आणीबाणी आहे म्हणून विनास्पर्धा ठेका द्यायचा असेल, तर पाच वर्षांची आणीबाणी कशी असू शकते, असा त्यांचा साधा आणि बिनतोड मुद्दा होता. एका वर्षाचा ठेका द्या आणि त्या वर्षात स्पर्धा घ्या, असे त्यांचे म्हणणे होते.

मंजुरीचा कागद सहीसाठी समोर आला, तेव्हा मुदत बदललेली नव्हती. युद्ध तोंडावर आले होते आणि सही अडवणे म्हणजे सैन्याची तयारी अडवणे असा अर्थ लावला गेला असता. ग्रीनहाऊस यांनी सही केली, पण सहीजवळ शाईने, स्वतःच्या हस्ताक्षरात आपली हरकत लिहून ठेवली. हा विनास्पर्धा करार एका वर्षापलीकडे नेल्यास मर्यादित स्पर्धा घेण्याचाही ठाम इरादा नाही असा समज निर्माण होऊ शकतो, असा इशारा त्या ओळींत आहे. वेगळी टिपणी पाठवली तर ती फायलीतून गहाळ होऊ शकते, मूळ कागदावरची शाई मात्र राहते, हा त्यामागचा विचार होता. सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसालाच सुचेल असे हे शहाणपण आहे आणि आज हा ठेका कसा दिला गेला याबद्दल आपल्याला जे खात्रीने सांगता येते, त्याचा मोठा आधार त्या ओळीच आहेत.

त्याच आठवड्यातील आणखी एक कागद पुढे बाहेर आला. ५ मार्च २००३ रोजी अभियंता दलाच्या एका अधिकाऱ्याने पाठवलेल्या ईमेलमध्ये असे नमूद होते, की फाइथ यांनी व्हाइट हाऊसला कळवण्याच्या अटीवर संमती दिली आहे आणि या कृतीचा उपाध्यक्षांच्या कार्यालयाशी समन्वय झालेला असल्याने काही अडचण येईल असे वाटत नाही. २००४ साली तो प्रसिद्ध झाला. उपाध्यक्षांच्या बाजूने खुलासा झाला, की कार्यालयाला फक्त माहिती देण्यात आली होती, निर्णयात त्यांचा सहभाग नव्हता. ईमेलमधील शब्द दोन्ही अर्थांना जागा देतात हे मान्य केले पाहिजे. पण स्वतः चेनी यांनी सप्टेंबर २००३ मध्ये दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत, अभियंता दलाच्या ठेक्यांवर आपला प्रभाव नाही, त्यांत सहभाग नाही आणि त्यांची माहितीही नाही असे ठामपणे सांगितले होते. त्यांच्या कार्यालयप्रमुखाला ऑक्टोबरात आणि कार्यालयाला मार्चमध्ये कळवले गेले होते हे उघड झाल्यावर, निदान कार्यालयाला काही ठाऊक नव्हते असे म्हणायला जागा उरली नाही.

युद्ध सुरू झाले आणि ज्या भीतीपोटी हे सगळे केले गेले ती बहुतांशी खरी ठरली नाही. रुमैला तेलक्षेत्रात दहापेक्षाही कमी विहिरी पेटल्या आणि त्या लवकर विझवल्या गेल्या. आणीबाणी सरली, ठेका मात्र उरला. अभियंता दलाने मार्चच्या अखेरीस ठेक्याची घोषणा करताना भर दिला होता तो आगी विझवण्यावर. प्रतिनिधिगृहाचे सदस्य हेन्री वॅक्समन यांनी प्रश्न विचारत राहिल्यावर एप्रिलमध्ये ७०० कोटींची मर्यादा बाहेर आली आणि मे महिन्यात तेल काढणे व वितरण करणे हेही त्यात समाविष्ट असल्याचे कळले. टीका वाढल्यावर दलाने हा ठेका तात्पुरता आहे, लवकरच स्पर्धा होईल असे जाहीर केले. स्पर्धेचा निकाल लागायला जानेवारी २००४ उजाडले. काम दोन भागांत विभागले गेले, उत्तरेचे पार्सन्स या कंपनीच्या नेतृत्वाखालील समूहाला गेले आणि दक्षिणेचे, सुमारे १२० कोटी डॉलरचे, केबीआरला. तोपर्यंत ‘तात्पुरत्या’ ठेक्याखाली केबीआरला सुमारे २४० कोटी डॉलरचे काम मिळून चुकले होते.

या रकमेचा मोठा भाग गेला तो इंधन आयातीवर. इराकच्या शुद्धीकरण कारखान्यांची अवस्था वाईट होती, वीज नव्हती, पाइपलाइनींवर हल्ले होत होते, त्यामुळे जगातील सर्वांत मोठ्या तेलसाठ्यांपैकी एक असलेल्या देशात पेट्रोल बाहेरून आणावे लागले. मे २००३ पासून केबीआर ते तुर्कस्तानातून आणि कुवेतमधून आणू लागली. कुवेतमधील पुरवठा अल्तानमिया नावाच्या एका कंपनीमार्फत होत होता. डिसेंबर २००३ मध्ये संरक्षण खात्याच्या डीसीएए या कंत्राट लेखापरीक्षण संस्थेने हिशेब मांडला, की कुवेतहून आणलेल्या पेट्रोलसाठी गॅलनमागे २ डॉलर २७ सेंट लावले गेले आणि तुर्कस्तानातून तेच १ डॉलर १८ सेंटला मिळत होते. सप्टेंबरअखेरपर्यंत कुवेतमार्गे सुमारे ५ कोटी ७० लाख गॅलन आले होते. फरक ६ कोटी १० लाख डॉलरपर्यंत जात होता. इराकी ग्राहकाला पंपावर हेच पेट्रोल गॅलनला काही सेंटांत विकले जात होते, म्हणजे मधला सगळा भार सार्वजनिक पैशावर होता.

केबीआरचे म्हणणे होते, की कुवेतमधून पुरवठा घ्यावा हा सरकारचाच आग्रह होता, रस्ता युद्धभूमीतून जात होता, टँकर जळत होते, चालक मारले जात होते आणि मुदत अल्प असल्याने स्वस्त दीर्घकालीन सौदा करता येत नव्हता. यातील धोक्याचा भाग खरा आहे आणि तो हलक्यात घेऊ नये. पण त्या ठेक्याची घडण पाहिली, तर स्वस्त इंधन शोधण्याचे कारण कंपनीला नव्हतेच हेही दिसते. ठेका ‘खर्च अधिक शुल्क’ या पद्धतीचा होता. झालेला खर्च सरकार भरून देणार, त्यावर २ टक्के ठरलेले शुल्क आणि कामगिरी चांगली ठरल्यास आणखी ५ टक्क्यांपर्यंत बक्षीस. प्रत्यक्ष खर्चावर थेट टक्केवारी देण्यास अमेरिकी कायद्याने बंदी आहे, म्हणून शुल्क अंदाजित खर्चावर ठरवले जाते. अंदाज मात्र कार्यादेश निघत जातील तसा वाढत जातो आणि अंदाज ठरवताना ठेकेदाराची आकडेवारी महत्त्वाची असते. काटकसर करणाऱ्याला अशा करारात काही मिळत नाही. बाजारभावाचा धाक ठेवायला स्पर्धा नसली, तर उरतो तो एकच पहारा, खर्चाचे पुरावे मागण्याचा. आणि तोच पहारा उठवला गेला.

डीसीएएचा आक्षेप जाहीर झाल्यावर एकाच आठवड्याने, १९ डिसेंबर २००३ रोजी, अभियंता दलाच्या नेतृत्वाने केबीआरला कुवेतमधील इंधनाच्या खर्चाचा आणि किमतीचा तपशील सादर करण्याच्या बंधनातून सूट दिली. अशा सुटीसाठी ग्रीनहाऊस यांच्या कार्यालयाचा मार्ग होता. त्यांना वगळून कागद पुढे नेला गेला आणि ही गोष्ट त्यांना नंतर कळली. याआधी त्यांनी काय केले होते हे सर्वांना ठाऊक होते. कागद त्यांच्या टेबलावर गेला असता, तर त्यावर पुन्हा शाईने काही लिहिले गेले असते. मला या संपूर्ण प्रकरणात हा प्रसंग सर्वांत बोलका वाटतो. नोव्हेंबर २००२ च्या कार्यादेशाबद्दल घाई होती असे म्हणता येते, मार्च २००३ च्या मुदतीबद्दल युद्धाची अनिश्चितता होती असे म्हणता येते. लेखापरीक्षकांनी बोट ठेवल्यानंतर पुरावे मागण्याचा अधिकारच सोडून देणे आणि तेही हरकत घेईल अशा अधिकाऱ्याला टाळून, याचे तसे कोणतेही स्पष्टीकरण मला सापडत नाही.

हा पैसा कोणाचा होता, हा प्रश्न अमेरिकेतील चर्चेत फार कमी वेळा विचारला गेला. मे २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १४८३ द्वारे इराक विकास निधी स्थापन केला. इराकच्या तेलविक्रीचे उत्पन्न त्यात जमा होई आणि ते इराकी जनतेच्या हितासाठी वापरणे इराकचा ताबा घेतलेल्या प्रशासनावर बंधनकारक होते. केबीआरच्या या ठेक्याची निम्म्याहून अधिक रक्कम याच निधीतून चुकती झाली. म्हणजे महाग पेट्रोलचे बिल प्रामुख्याने इराकी लोकांनी, त्यांना न विचारता, भरले. निधीवर देखरेख ठेवण्यासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय मंडळाने लेखापरीक्षणाचे अहवाल मागितले, तेव्हा पेंटॅगॉनने ते आधी केबीआरकडे पाठवले, व्यापारी गुपित म्हणून काय झाकावे हे कंपनीला सुचवू दिले आणि तिच्या सूचना मान्य करून शेकडो ठिकाणी काळी पट्टी मारलेल्या प्रती मंडळाच्या हाती ठेवल्या. जादा आकारणीचे आकडेच त्यात दिसत नव्हते. ज्याच्यावर आक्षेप आहे त्याने आक्षेपावर शाई फिरवायची आणि ज्याचा पैसा गेला त्याने कोरा कागद वाचायचा, असा तो व्यवहार होता. नोव्हेंबर २००५ मध्ये मंडळाने अमेरिकेने इराकला २० कोटी ८० लाख डॉलरपर्यंतची रक्कम परत करावी अशी शिफारस केली.

लेखापरीक्षकांनी या ठेक्यातील एकूण सुमारे २६ कोटी ३० लाख डॉलरच्या खर्चावर आक्षेप नोंदवले होते. फेब्रुवारी २००६ मध्ये लष्कराने निर्णय दिला आणि त्यातील केवळ १ कोटी १ लाख डॉलर रोखून बाकी सगळे मंजूर केले. आक्षेप घेतलेल्या रकमेच्या ४ टक्क्यांहूनही कमी रक्कम वाचली. एरवी डीसीएएच्या आक्षेपांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम पेंटॅगॉन रोखत असे. लेखापरीक्षकाचे मत ठेके अधिकाऱ्यावर बंधनकारक नसते, त्यामुळे यातही नियम मोडला गेला असे म्हणता येत नाही.

आता राजकीय मेहेरबानीचा प्रश्न. उपाध्यक्ष असताना चेनी यांना हॅलिबर्टनकडून आधीच्या नोकरीचे लांबणीवर टाकलेले वेतन मिळत होते, २००१ साली २,०५,२९८ डॉलर आणि २००२ साली १,६२,३९२ डॉलर. शिवाय ४,३३,३३३ समभागांचे पर्याय, म्हणजे ठरलेल्या भावाने समभाग घेण्याचे हक्क, त्यांच्या नावावर होते. पर्यायांतून होणारा नफा धर्मादाय संस्थांना देण्याचा करार त्यांनी केला होता, वेतनाची रक्कम आधीच ठरलेली होती आणि तिचा विमाही उतरवला होता, त्यामुळे कंपनीच्या नफ्याशी आपला संबंध उरलेला नाही ही त्यांची भूमिका होती. संसदेच्या संशोधन सेवेने मात्र असे वेतन आणि असे पर्याय हे सरकारी नीतिनियमांच्या दृष्टीने आर्थिक संबंधच ठरतात असे मत दिले. माझ्या मते पैशाचा हा मुद्दा दुय्यम आहे. पाच वर्षे एखादी कंपनी चालवलेल्या माणसाचे तिच्याशी नाते पगाराच्या पावतीवर अवलंबून नसते आणि हाताखालच्या अधिकाऱ्याला त्या नात्याची आठवण करून द्यावी लागत नाही.

देणग्यांचेही असेच आहे. सरकारी ठेकेदार कंपनीने केंद्रीय उमेदवाराला थेट देणगी देण्यास अमेरिकेत दीर्घकाळ बंदी आहे. पण कंपनीची राजकीय समिती कर्मचाऱ्यांकडून गोळा केलेला पैसा देऊ शकते आणि वरिष्ठ अधिकारी वैयक्तिकरीत्या देऊ शकतात, त्यामुळे बंदी कागदावर राहते. ऑक्टोबर २००३ मध्ये सेंटर फॉर पब्लिक इंटेग्रिटी या संस्थेने इराक आणि अफगाणिस्तानातील ठेक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सत्तरहून अधिक कंपन्या व व्यक्तींना ८०० कोटी डॉलरपर्यंतची कामे मिळाली होती आणि या कंपन्यांनी जॉर्ज बुश यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचाराला ५ लाख डॉलरहून अधिक देणग्या दिल्या होत्या, आधीच्या बारा वर्षांत इतर कोणत्याही राजकारण्याला दिल्या त्याहून जास्त. ५ लाख आणि ८०० कोटी हे आकडे शेजारी ठेवले की लाचेचा दर काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. इतक्या लहान रकमेने एवढा मोठा ठेका विकत घेता येत नाही. देणगीने मिळतो तो परिचय, आणि त्यामुळे तीन नावे टेबलावर आली की त्यातले आपले कोणते हे सांगावे लागत नाही. देणगीच्या बदल्यात ठेका असा सौदा या प्रकरणात सिद्ध झालेला नाही. ठेका दिल्याबद्दल कोणत्याही वरिष्ठ अधिकाऱ्यावर फौजदारी खटला उभा राहिला नाही.

केबीआरच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद क्षमतेचा आहे. युद्धात तेलक्षेत्र सांभाळू शकतील अशा कंपन्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत आणि केबीआर त्यांतली एक आहे, हे निर्विवाद आहे. पण विचारात घेतलेल्या तीन कंपन्या होत्या, म्हणजे आणखी दोघी निदान विचार करण्याजोग्या होत्या, आणि जानेवारी २००४ मध्ये उत्तरेचे काम पार्सन्सकडे देता आले, म्हणजे पर्याय अस्तित्वात होता. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चार महिने हातात होते. गोपनीयतेची परवानगी असलेल्या दोन-तीन कंपन्यांकडून बंद पाकिटातून प्रस्ताव मागवायला एवढा वेळ पुरतो. गुप्ततेचे कारण पुढे केले जाते, पण गुप्तता एका कंपनीबरोबर राखता येते, तशी तिघांबरोबरही राखता येते. केबीआरने नुसता आराखडा लिहिला असता आणि ठेक्यापासून ती दूर राहिली असती, तरीही सरकारला आराखडा मिळालाच असता.

ग्रीनहाऊस यांना ऑक्टोबर २००४ मध्ये पदावनतीची सूचना मिळाली. कामगिरी असमाधानकारक असल्याचे कारण देण्यात आले, जरी सुरुवातीच्या वर्षांतील त्यांचे मूल्यमापन उत्तम होते. त्यांनी वकिलामार्फत चौकशीची मागणी केली आणि प्रकरण जाहीर झाले. २७ जून २००५ रोजी त्यांनी डेमोक्रॅटिक सिनेटरांच्या समितीसमोर साक्ष दिली आणि केबीआरला दिलेल्या ठेक्यांमधील गैरप्रकार हा आपल्या कारकिर्दीत पाहिलेला सर्वांत उघड आणि अनुचित प्रकार असल्याचे सांगितले. साक्ष देणे आपल्या हिताचे नाही असे त्यांना आधी सुचवण्यात आले होते. २७ ऑगस्ट २००५ रोजी, बरोबर दोन महिन्यांनी, त्यांना ठेक्यांच्या कामातून हटवून खालच्या श्रेणीत पाठवण्यात आले.

२००८ साली सिनेटर जिम वेब आणि क्लेअर मॅकॅस्किल यांच्या पुढाकाराने युद्धकालीन ठेक्यांची चौकशी करणारा आयोग नेमला गेला. ऑगस्ट २०११ च्या अंतिम अहवालात त्याने इराक आणि अफगाणिस्तान मिळून ३,१०० ते ६,००० कोटी डॉलर उधळपट्टी आणि अफरातफरीत गेल्याचा अंदाज दिला. आयोगाची अंतर्गत कागदपत्रे २०३१ पर्यंत बंद ठेवण्याचा निर्णय झाला. केबीआर २००७ साली हॅलिबर्टनपासून वेगळी झाली आणि लॉगकॅपच्या पुढच्या फेरीत, या वेळी डाइनकॉर्प आणि फ्लुअर या दोन कंपन्यांच्या जोडीने, तिला पुन्हा स्थान मिळाले. निदान तिथे कामे तिघांत स्पर्धेने वाटण्याची सोय केली गेली, जी ग्रीनहाऊस यांनी २००३ मध्ये तेलासाठी मागितली होती. त्यांचा स्वतःचा दावा जुलै २०११ मध्ये मिटला. बुडालेला पगार, नुकसानभरपाई आणि वकिलाचा खर्च मिळून अभियंता दलाने त्यांना ९ लाख ७० हजार डॉलर देण्याचे मान्य केले. ते पैसे सरकारी तिजोरीतून गेले आणि त्या आपल्या जुन्या खुर्चीवर परतल्या नाहीत.